कपाटावरचं गलबत

॥ श्री ॥

४ फेब्रुवारी

चि. खलाशास अनेक आशीर्वाद.

चाळिशी उलटली तरी बाबा तुला खलाशीच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.

काल फोनवर तू घाईत होतास, माझा कुकर गॅसवर होता आणि बाबा शेजारी कान देऊन बसले होते. तेव्हा हे पत्र. फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणतोस आणि फोन ठेवला की हवेत विरून जातं. लिहिलेलं राहतं.

तुमच्या स्टुडिओत पुन्हा समुद्रावरचा चित्रपट निघतोय आणि त्यांना बाबांचं गलबत हवंय, हे समजलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, “नेऊ दे की.” त्यांचं सोपं आहे. पण ते गलबत म्हणजे माझ्या घरातल्या कपाटावर ठेवलेली शोभेची वस्तू नव्हे. तुमच्या स्टुडिओच्या जुन्या चित्रपटासाठी बाबांनी त्याची एकेक फळी तासली तेव्हा तू पाळण्यात होतास. आणि शिडं मी शिवली, नऊ वर्षांची असताना, आईच्या विरलेल्या चादरीची. बाबा म्हणायचे, मोठ्या बोटांचा टाका पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो, तुझ्या बोटांचा दिसत नाही. आई गेल्यावर बाबा आणि गलबत दोघेही माझ्याकडे आले. तेव्हापासून दर शनिवारी ह्यांच्या जुन्या दाढीच्या ब्रशाने मी त्याची धूळ काढते. हे म्हणतात, मला एवढ्या मायेने कधी पुसलं नाहीस.

रविवारी ह्यांनी टीव्हीवर एक नवा समुद्रातला चित्रपट लावला. तुमच्या धंद्यातला आहे म्हणून सांगते, राग मानू नकोस. अडीच तासांत त्या जहाजावर कुणी जेवलं नाही. आपल्या जुन्या चित्रपटात गलबत बंदरातून सुटायच्या आधी पिंपं चढवतात, आचारी मोजून घेतो, ‘एवढ्या तोंडांना एवढं पीठ कसं पुरायचं’ म्हणून कप्तानाशी भांडतो. पुढे वारा पडतो तेव्हा ते पीठ खरोखरच संपतं आणि आपल्या पोटात खड्डा पडतो, कारण आपण ते चढवताना पाहिलेलं असतं. नव्यात चौघेजण तीन दिवस तलवारी घुमवतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. वादळ तर दर दहा मिनिटांनी. आपल्यात वादळ एकदाच येतं, आणि ते येणार हे म्हाताऱ्या सुकाणूवाल्याला गुडघ्यात कळतं. शिवाय नव्या कप्तानाचे केस ओलेच होत नाहीत.

गलबत न्या. पण मोजमापं घ्या, फोटो काढा, आणि नेलं तसं परत आणा. शिडं धुवायची नाहीत. खिळा ठोकायचा नाही. हे मला तुझ्या अक्षरात हवं.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

माझ्या अक्षरात लिहितो: फक्त मोजमापं आणि फोटो. नेलं तसं परत. पुरे?

आता तुझ्या जुन्या चित्रपटाबद्दल. ताई, तुझा तो महासागर म्हणजे स्टुडिओच्या मागचा सिमेंटचा हौद होता. वादळ म्हणजे चार माणसं, गुडघाभर पाण्यात उभी राहून फळ्या हलवणारी. त्यांना चहा कोण पोचवायचं? तूच. पाण्याचा थेंब गलबताच्या मानाने मोठा दिसू नये म्हणून बाबा त्यात साबणाचा चुरा घालायचे, आणि पडद्यावर लोकांना तो फेस समुद्राचा वाटायचा. मला ते सगळं प्रिय आहे, पण आजच्या मुलांना तो हौद एका क्षणात ओळखू येतो. ती हसतात. आमच्याकडे आता संगणकावर समुद्र करणारी पोरं आहेत. पिठाचं कुणाला पडलेलं नाही, लाट अंगावर आली पाहिजे. आचारी ठेवायला सांगतो दिग्दर्शकाला, तुझं नाव घेऊन.

खरं सांगू का, आमचा सामान विभाग या वर्षी बंद व्हायच्या बेतात होता. तलवारी, पेट्या, कंदील, सगळं संगणकावर. गलबताचं मी सुचवलं म्हणून साहेबांनी मला या चित्रपटात घेतलं. तेव्हा तुझे उपकार आहेत.

भावोजींना नमस्कार. बाबांच्या डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?

खलाशी

॥ श्री ॥

२ मार्च

चि. खलाशास आशीर्वाद.

तुमची गाडी सकाळी येऊन गेली. गलबत माझ्या दोन गोधड्यांत गुंडाळून दिलं आहे, गोधड्याही परत पाठव. मी दारात उभी राहून गाडी वळेपर्यंत पाहिलं. बाबा आत वर्तमानपत्र धरून बसले होते, उलटं. मी म्हटलं, “बाबा, शेवटी एकदा हात तरी लावायचा होता.” म्हणाले, “लावला होता.” कधी, ते मी पाहिलं नाही. वय झालं की माणसाचं मन घट्ट होतं म्हणतात, तसं असेल.

डॉक्टर म्हणतात, डोळ्यांचा आता इलाज नाही. जे दिसतं तेवढं टिकवायचं.

कपाटाच्या वर भिंतीचा रंग वेगळा निघाला आहे, गलबताच्या आकाराचा. हे म्हणतात, तिथे बॅगा ठेवू. मी ठेवू दिल्या नाहीत.

ताई

२० मे

ती. ताईस सा. न.

उत्तराला उशीर झाला, चित्रीकरण चालू होतं. बातमी चांगली आहे. गलबत परत येणार नाही, पण रागावू नकोस, आधी वाच. साहेबांना ते इतकं आवडलं की स्टुडिओत नवं दालन करताहेत तिथे काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलंय. खाली पितळी पट्टीवर बाबांचं नाव. तुझ्या घरी ते किती जणांनी पाहिलं? दूधवाल्याने आणि गॅसवाल्याने. आता शाळांच्या सहली येतील.

नेलं तसं परत म्हणालो होतो, ते मोडतोय, हे कबूल. पण हे बरं नाही का?

गोधड्या पाठवल्या आहेत.

खलाशी

॥ श्री ॥

२८ मे

चि. खलाशास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग देवापुढे दिवा लावला. माझं कपाट काय, आज आहे उद्या नाही. काचेत धूळ बसणार नाही. तू शब्द मोडलास, पण चांगल्यासाठी मोडलास, असं मी मनाला सांगितलं.

बाबांना वाचून दाखवलं. ऐकून नुसते ‘बरं’ म्हणाले. मी म्हटलं, “दालन उघडलं की जाऊ या आपण, रिक्षाने.” तर म्हणाले, “तिथे गर्दी असते.” स्वतःच्या नावाची पट्टी बघायला गर्दीची भीती. मला वाटलं, दिसणार नाही म्हणून टाळताहेत. त्या रात्री मी त्यांच्या उशाशी बसून पट्टीचं वर्णन केलं, न बघताच. पितळ कसं चकाकत असेल, अक्षरं कशी कोरली असतील. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

पट्टीच्या एका कोपऱ्यात ‘शिडं मुलीने शिवली’ एवढं घालता आलं तर बघ. नाही जमलं तरी चालेल.

ताई

॥ श्री ॥

९ नोव्हेंबर

चि. खलाशास आशीर्वाद.

काल आम्ही दोघं तुझा चित्रपट पाहून आलो. बाबा आले नाहीत, “मला काय दिसणार, तुम्ही जा” म्हणाले.

आधी चांगलं सांगते. समुद्र खरा वाटला. पहिली लाट आली तेव्हा ह्यांनी पाय वर घेतले. आचारी ठेवला आहेस, तो बघून मला हसू आलं, जरी तो बिचारा एक पातेलं ढवळून नंतर दिसेनासा होतो. पण एक गोष्ट मला कळली. आपल्या जुन्या चित्रपटात गलबत हे घर असतं. फाटलं तर शिवतात, गळलं तर बुजवतात, आणि शेवटी कसंबसं बंदराला लावतात. तिथे आपण टाळ्या वाजवतो. नव्यात गलबत फोडण्यासाठीच आणलेलं असतं. ते जितकं देखणं, तितकं लवकर जळणार. लोकांनी टाळ्या तिथेच वाजवल्या.

खलाशा, ते जळताना मी ह्यांची बाही धरली. मधल्या डोलकाठीवरचं शीड आधी पेटलं. ते संगणकावरचं होतं ना? मोजमापं घेऊन तसंच केलेलं? शेवटी नावं आली. हे उठायला लागले, मी म्हटलं, तिकीट काढलंय, बसा. तुझं नाव आलं, त्याखाली बाबांचं. मी अंधारात हात जोडले. माझं नव्हतं, त्याचं काही नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “गलबताचं काय होतं गं शेवटी?” मी म्हटलं, “सुखरूप परत येतं, बाबा.” कसं सांगणार होते जळालं म्हणून? त्यांचा चेहरा एकदम पडला. ‘असं का’ म्हणाले आणि जेवले नाहीत. जाणत्या वयापासून मी खोटं बोललेले नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी जपाची माळ हातात धरवेना.

ते संगणकावरचं होतं, एवढं लिहून पाठव.

ताई

१५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

अगं, संगणकावरचंच. प्रत्येक फळीचे, प्रत्येक टाक्याचे फोटो घेतले होते, म्हणून तुला खरं वाटलं. हीच तर त्या पोरांची करामत. खरं गलबत काचेत आहे. दालनाचं काम रखडलंय, उघडलं की कळवतो.

बाबांना तू ‘परत येतं’ सांगितलंस हे मात्र... असू दे.

खलाशी

॥ श्री ॥

१९ नोव्हेंबर

खलाशा,

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मी एकटी पुन्हा गेले. एकाच चित्रपटाचं तिकीट दोनदा काढणारी बाई मी नव्हे, पण तुझ्या पत्रातली ती टिंबं मला सुखाने झोपू देईनात.

या वेळी मी पुढच्या रांगेत बसले. शिडांकडे पाहिलं नाही. गलबताच्या पोटाकडे पाहिलं. ते फुटतं तेव्हा पडद्यावर सगळं संथ होतं, आठवतंय? पुढच्या भागातून एक पिवळं, जाड, एका टोकाला गोल असं काहीतरी निसटतं आणि पाण्यात जातं. लोकांना ती तोफ वाटली असेल. तुमच्या दिग्दर्शकालाही तोफच वाटली असेल, म्हणून त्याने ठेवली.

तो आपल्या आईचा बत्ता आहे.

तुला तो माहीत नाही, तू रांगत होतास. पितळी खलबत्ता होता, आईला तिच्या आईने दिलेला. एक दिवस बत्ता नाहीसा झाला. खल अजून माझ्याकडे आहे, त्यात मी देवाची फुलं ठेवते. बत्त्याच्या टोकाला एका बाजूला चेपलेलं होतं, मीच फरशीवर पाडला होता. ते चेपलेलं पडद्यावर मला दिसलं. तुमच्या पोरांनी फळ्यांचे फोटो काढले असतील, टाक्यांचे काढले असतील. पण ते पोट बाबांनी बंद केलं होतं, त्यात काय आहे हे कुठल्या संगणकाला कळणार? जे आत होतं ते बाहेर पडलं, म्हणजे खरं गलबत फुटलं.

तू जाळलंस. जाळून काचेची पेटी रचलीस, पितळी पट्टी रचलीस. मी तुझी पट्टी आंधळ्या होत चाललेल्या माणसाला उशाशी बसून वर्णन करून सांगितली. आणि त्यांचं नाव वापरलंस, चोरी झाकायला. म्हाताऱ्याने केलेली एकच वस्तू राहिली होती.

बाबांना अजून काही बोललेले नाही. त्यांना हे कळलं तर ते टिकणार नाहीत. तुला एकदा विचारते, का केलंस?

१ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

तीनदा पत्र लिहून फाडलं. बाबांनी मला शपथ घातली होती, पण ते काल फोनवर म्हणाले, “सांगून टाक तिला, माझ्याने होत नाही.”

जानेवारीत मी आलो होतो, तू गुरुवारची देवळात गेली होतीस. मी खरोखर मोजमापांचंच विचारायला आलो होतो. बाबा म्हणाले, “मोजून काय करणार? बुडवा ते.” मला वाटलं चेष्टा करताहेत. मग त्यांनी सांगितलं. जुन्या चित्रपटाच्या कथेत गलबत शेवटी बुडायचं होतं. बाबांनी ते बुडण्यासाठीच बांधलं होतं. नाकात वजन असं बसवलं होतं की खालची एक फळी सुटली की गलबत कुशीवर कलंडणार नाही, मान खाली घालून, नाकावर, सरळ जाईल. तसं बुडणारं गलबत कुणी केलं नव्हतं म्हणे. आदल्या दिवशी निर्मात्याचा विचार फिरला, लोकांना गलबत घरी आलेलं आवडतं म्हणाला. बाबांनी ते उचलून घरी आणलं. आणि तेव्हापासून त्यांना एकच लागून राहिलं होतं, गेलं असतं का सरळ?

आमच्या दिग्दर्शकालाही खरं लाकूड जळायला हवं होतं, संगणकाची आग त्याला पटत नव्हती. सगळं जुळून आलं. मी म्हटलं, ताईला विचारू. बाबा म्हणाले, “तिला विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि तिचं बरोबरच असेल. मग मला गप्प बसावं लागेल.” काचेच्या पेटीचं मी जुळवलं, ते पाप माझं. बत्त्याचं मला माहीत नव्हतं. ‘नाकात वजन आहे, काढू नका’ एवढंच ते म्हणाले होते.

ताई, ते तुझ्याच शब्दावर अडून बसलेत. मी त्यांना सांगितलं, सरळ गेलं. ते म्हणतात, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोस. तुझ्यावरच त्यांचा विश्वास आहे. तू मात्र त्यांना ‘परत येतं’ म्हणालीस. तेवढं एकदा नीट सांग त्यांना. माझ्यावर हवं तेवढं रागाव.

खलाशी

॥ श्री ॥

१० डिसेंबर

चि. खलाशास,

आशीर्वाद लिहायची सवय आहे, म्हणून हात तिथे थांबला होता. तो तुला असू दे.

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं नाही. फक्त खल आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी हाताने चाचपला, आत बोटं फिरवली. मग म्हणाले, “पितळेएवढं जड दुसरं काही घरात नव्हतं गं.”

तुला सांगायला हवं, कारण तुझ्या पत्रात ते नाही. बत्ता नाहीसा झाला तेव्हा आईने तो माझ्यावर घातला. मी आधी एकदा पाडलेला होता, म्हणून. खेळायला नेलास आणि हरवलास, कबूल कर, म्हणाली. मी कबूल करत नव्हते, तर तिने मला कोठीत कोंडलं. आई मारकुटी नव्हती, पण ती तिच्या आईची आठवण होती. बाबा तेव्हा घरातच होते. बाहेरच्या खोलीत बसून फळी तासत होते. रंध्याचा आवाज मला दाराच्या फटीतून ऐकू येत होता, तो थांबला नाही. शेवटी मी न केलेलं कबूल केलं. बाहेर आले तर बाबा म्हणाले, “चल, आज मधलं शीड शिवू या.” मला वाटलं, माझी समजूत काढताहेत. केवढं बरं वाटलं होतं मला. आई जाईपर्यंत अधूनमधून म्हणायची, कार्टीने माझा बत्ता घालवला. जाण्याआधीच्या आजारपणातही म्हणाली. बाबा पायाशी बसले होते.

आणि मी त्या गलबताची धूळ काढत होते, दर शनिवारी, पुण्य असल्यासारखी.

आता तुझ्या मुद्द्याचं. पुढच्या रांगेतून मला सगळं दिसलं. आग शिडांवर राहिली, फळी सुटली, बत्ता निसटण्याआधीच नाकाने पाणी धरलं होतं. गलबत जराही कलंडलं नाही. मान खाली घातली आणि एखादी बाई नदीत डुबकी मारते तसं सरळ, शांतपणे गेलं. मागचा भाग क्षणभर उभा राहिला, माझं सर्वांत लहान शीड त्यावर शाबूत होतं, मग तेही गेलं. मी जुने नवे किती चित्रपट पाहिले, इतकं सुंदर बुडताना काही पाहिलं नाही. बाबांचं बरोबर होतं. त्यांनी जसं बांधलं तसंच ते बुडालं.

हे मी तुला लिहिलं. त्यांना सांगितलेलं नाही.

‘परत येतं’ हे खोटं होतं, गलबत बुडालं, एवढं सांगून मी माझं खोटं मागे घेतलं. देवाशी माझा तेवढा हिशेब होता, तो मिटला. ते लगेच पुढे वाकून म्हणाले, “नाकावर गेलं की कुशीवर?” मी उठून आत गेले.

तुम्ही दोघांनी मला वगळून ठरवलंत, कारण मी खरं तेच बोलेन याची तुम्हाला खात्री होती. आता तेच खरं माझ्याकडून हवं आहे. तू पुन्हा एकदा सांगून बघ, तुझ्यावर त्यांचा विश्वास बसला तर मी आड येणार नाही.

त्यांची औषधं वेळेवर चालू आहेत. जेवण मऊ करून देते, अंगाला तेल लावते, रात्री दोनदा उठते. त्यात काही कमी केलेलं नाही, करणार नाही. रोज संध्याकाळी ते मला हाक मारतात, खुर्ची जवळ ओढायला सांगतात, आणि अगदी हळू आवाजात तेच विचारतात.

मी म्हणते, बाबा, चहा निवतोय.

ताई